झाडावर घरटी नाहीत

नाहूर स्टेशनाकडून आमच्या सोसायटीकडे येताना एक नाला लागतो. त्याच्या काठावर वर्षभर ढोकऱ्या, बगळ्यांतलीच एक लहान जात, उभ्या असतात, पण कुणाला दिसत नाहीत. मातकट, रेघारेघांच्या, मान खांद्यांत ओढून घेतलेल्या. चिखलाचंच ढेकूळ वाटावं. पाऊल अगदी जवळ पडलं की ते ढेकूळ एकदम पांढरंशुभ्र होऊन उडतं, पलीकडे जाऊन बसतं आणि पुन्हा चिखल होतं. मे संपत आला की मात्र त्यांचं हे लपणं संपतं. पाठीवर काळसर लाल रंग चढतो, वाळत घातलेल्या कोकमासारखा. डोक्यामागे लांब पांढरी पिसं लोंबायला लागतात. एखादीचे तर पायसुद्धा लालसर होतात. विणीचा हंगाम आला, हे सांगायला त्यांना दुसरं काही करावं लागत नाही.

यंदाचा रंग मी परवा पाहिला आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेलो.

पुस्तकात या पक्ष्याला वंचक म्हणतात. मी तीस वर्षं एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. नमुने ठेवलेल्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या मीच लिहायचो. नाव, नर की मादी, कुठे मिळाला. प्राध्यापक आले आणि गेले, बरण्यांवरचं अक्षर माझंच राहिलं. त्यातल्या एका चिठ्ठीवर मी 'वंचक' लिहिलं होतं. वंचक म्हणजे फसवणारा. हा पक्षी कुणाला फसवतो? बेडूक समोर येईपर्यंत गप्प उभा राहतो, एवढंच. त्याला फसवणूक म्हणायचं असेल, तर तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत मी जे केलं त्याला काय म्हणायचं?

आमच्या इमारतीच्या मागे, पार्किंगवर सावली धरून एक जुना पर्जन्यवृक्ष आहे. सोसायटीत त्याला सगळे रेन ट्रीच म्हणतात. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. बेडरूमची खिडकी उघडली की झाडाचा मधला घेर हाताच्या अंतरावर. दर जूनला तिथे ढोकऱ्या वस्तीला यायच्या, जोडीला थोडे गायबगळे. निवृत्त झाल्यावर मी त्यांची वही ठेवायला लागलो. सकाळचा चहा झाला की खिडकीत बसायचं आणि मोजायचं.

नर आधी येऊन जागा धरतो. जोडी जमली की तो काड्या आणतो आणि ती बांधते. आणलेली काडी तो स्वतः घरट्यात ठेवत नाही. तिच्यासमोर मान खाली-वर करतो, काडी तिच्या चोचीत देतो, आणि ती ती काडी दोन-तीनदा इकडेतिकडे खुपसून पाहून जिथे बसेल तिथे बसवते. घरटं म्हणावं असं ते काही नसतंच. खालून पाहिलं तर काड्यांमधून आभाळ दिसतं. अंडी फिकट निळसर हिरवी. पहिलं अंडं घातलं की लगेच बसायला सुरुवात, म्हणून पिल्लं एकाच दिवशी निघत नाहीत. थोरलं दोन-तीन दिवसांनी मोठं, धाकटं त्याच्या पायाखाली. मासे कमी मिळाले तर धाकटं जगत नाही. शेजारीण जरा उठली की तिच्या घरट्यातली काडी उपसून आणायचीही पद्धत आहे. मोठं खोडकर आणि मोठं कष्टाळू गाव होतं ते.

मंदाला, माझ्या बायकोला, त्या काडी देण्याचं फार कौतुक. ती मूळची मालवणकडची. एरवी मुंबईसारखंच बोलायची, पण मस्करीत आणि रागात गावची भाषा यायची.

"बघा, काडी आणून तिच्या चोचीत देता तो," ती म्हणायची. "तुमी माका कधी पाणी तरी दिलास?"

"मी मोजतोय ना इथे."

"मोजा. तुमचा जन्म मोजण्यात जातलो."

त्या वर्षी मंदाला छातीचा त्रास वाढला. हिवाळ्यातला खोकला होळीनंतरही गेला नाही, आणि जून लागेपर्यंत जिना चढताना ती प्रत्येक वळणावर थांबायला लागली. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. मुलुंडच्या डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे पाहिला, आणि पहिला प्रश्न विचारला, "कबुतरं येतात का घरात? खिडकीत, बाल्कनीत? त्यांची विष्ठा, पिसं, सगळ्यापासून यांना लांब ठेवा."

मी घरी येऊन बेडरूमची खिडकी बंद केली. झाडाकडची. कबुतरं यायची ती स्वयंपाकघराच्या बाजूला, पाण्याच्या टाकीखाली. तिथे मी जाळी लावली नाही. आणि सोसायटीत कुणी तब्येत विचारली की सांगायला लागलो, "डॉक्टरांनी पक्ष्यांपासून लांब राहायला सांगितलंय." डॉक्टरांच्या कबुतरांचे पक्षी झाले ते माझ्या तोंडून. त्या वेळी मला त्यात काही विशेष वाटलं नाही. किंवा वाटलं असेल, पण मी तिकडे पाहिलं नाही.

ढोकऱ्यांच्या वसाहतीला वास असतो, हे खरं आहे. कुजक्या मासळीचा. जुलैच्या दमट हवेत तो जिन्यापर्यंत यायचा. गाड्यांवर चुन्यासारखे ओघळ, फरशीवर निसरडं. आमचा सेक्रेटरी तळेकर, पंचेचाळिशीचा, सरळ माणूस. त्याची आई त्या फरशीवर घसरली आणि मनगट मोडून घेऊन बसली. सभेत लोक माझ्याकडे पाहून बोलायचे. "पेडणेकरकाका, तुमच्या बगळ्यांना जरा समजवा ना." सगळे हसायचे, मीही हसायचो. ते बगळे माझे कधी झाले, मला कळलं नव्हतं.

फांद्या छाटायची पालिकेची परवानगी मे महिन्यातच आली होती. तेव्हा झाड मोकळं होतं. पण ठेकेदार आलाच नाही. मे गेला, जून गेला, झाड भरलं. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी तळेकर माझ्याकडे आला.

"काका, एक काम होतं. ठेकेदार बुधवारी येतो म्हणतोय. पण परवानगीत अट आहे, घरटी असतील तर फांदीला हात लावायचा नाही. त्याला कुणा जाणकाराचं लेखी हवंय. तुमच्याइतकं कुणाला कळतं इथे?"

"आणि घरटी असली तर?"

"तर तसं सांगा," तो म्हणाला. "मी त्याला ऑक्टोबरमध्ये बोलावतो. आईला तोपर्यंत मागे जाऊ नको म्हणून सांगेन. माझं काही नाही. फक्त काकूंची तब्येत, ते तुम्ही बघा."

आत मंदा खोकत होती. वही टेबलावर उघडी होती. त्या सकाळचा आकडा तिच्यात होता, एकतीस घरटी, आणि अठरांमध्ये पिल्लं दिसली होती. मी त्या वहीवर वर्तमानपत्र ठेवलं. तळेकरने आणलेला कागद घेतला आणि लिहिलं, 'मी स्वतः पाहणी केली असून सदर झाडावर सध्या पक्ष्यांची घरटी नाहीत.' खाली सही. बरण्यांवर लिहायचो तेच अक्षर, एकही खाडाखोड नाही.

पुढे पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत होतो की हे मंदासाठी केलं. आता तसं सांगवत नाही. 'तुमच्याइतकं कुणाला कळतं' हे तळेकर म्हणाला, ते मला आवडलं होतं. दुसऱ्या दिवशी गेटपाशी चौघं माझ्याशी हसून बोलले, तेही आवडलं. बगळेवाला म्हणून हसण्यावारी नेलेला माणूस एका सहीने सोसायटीचा झाला. त्याची किंमत झाडावर राहणाऱ्यांनी द्यायची होती, आणि ती मला ठाऊक होती. मला सगळंच ठाऊक होतं. पिल्लं पंधरा दिवसांची झाली होती, अजून पंधरा-वीस दिवसांत उडाली असती. इतकं नेमकं ज्याला माहीत आहे त्याला 'चुकून झालं' असं म्हणायची सोय राहत नाही.

मंदाला मी काही सांगितलं नाही. खिडकी बंद होती, पण काचेतून मी मोजतच होतो, आणि ती पलंगावरून विचारायची, "आज किती?" मी सांगायचो, एकतीस. सही केल्यानंतरही चार दिवस सांगत होतो.

"पिल्लां उडाली की माका उठवा हां," ती म्हणाली होती. "झोपलेलंय असलंय तरी."

बुधवारी साडेदहाला मी स्वयंपाकघरात मंदासाठी पेज करत होतो. मशीनच्या करवतीचा आवाज सुरू झाला. मी गॅस बारीक केला आणि तिथेच उभा राहिलो. फांदी मोडताना आधी करकरते, मग क्षणभर काहीच ऐकू येत नाही, मग ती पार्किंगच्या फरशीवर येते. पहिली फांदी आली. त्यानंतर करवत चालूच होती, पण तिच्या खालून दुसरा आवाज यायला लागला. पिल्लांचा. भुकेनं ओरडतात तसाच, फक्त सगळ्यांचा एकदम, आणि जमिनीवरून.

आमच्या वरच्या मजल्यावर कांबळे सिस्टर राहतात. सरकारी इस्पितळात वॉर्ड सिस्टर होत्या, निवृत्त झाल्या, पण सोसायटीत सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. त्या जिन्यावरून धावत खाली गेल्याचं मी ऐकलं. मग त्यांचा आवाज.

"ए, थांबा! बंद करा ते! पिल्लं आहेत झाडावर, दिसत नाही का रे?"

"बाई, कागद आहे आमच्याकडे," खाली दोर धरून उभा असलेला माणूस म्हणाला.

"कसला कागद?"

मी बाल्कनीत आलो होतो. त्या माणसाने खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. सिस्टरनी तो वाचला. वॉर्डात केसपेपर वाचावा तसा, वरपासून खालपर्यंत, आणि शेवटी सही. मग त्यांनी वर पाहिलं, झाडावर बसलेल्या दोघांकडे.

"कागदावर लिहिलंय म्हणून तुमचे डोळे गेले का?"

करवत बंद झाली. तोवर तीन मोठ्या फांद्या खाली आल्या होत्या. वसाहत जवळजवळ सगळी त्यांच्यावरच होती.

ढोकरीचं पिल्लू घाबरलं की पोटातलं सगळं ओकून टाकतं. शत्रू जवळ आला तर अंग हलकं करायची ती रीत. फरशीभर अर्धवट पचलेल्या मासळ्या पडल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये ती पिल्लं, काट्यांसारखी पिसं उभारलेली, काही मान वर करून चोच मारायला बघणारी, पुष्कळशी नुसती पडलेली. सिस्टरनी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडून दोन प्लास्टिकचे क्रेट आणले. पदर कमरेला खोचून एकेक पिल्लू उचलायला लागल्या. बाल्कन्या माणसांनी भरल्या होत्या. खाली कुणी उतरलं नाही. तळेकर पांढरा पडून उभा होता. "काका तर म्हणाले होते..." एवढंच तो दोनदा म्हणाला.

नंतर सिस्टर वर आल्या. हाताला रक्त आणि घाण, दोन बोटांत धरलेला कागद.

"पेडणेकर, ही सही तुमची?"

"हो."

"तुम्ही बघितलं नव्हतं?"

त्यांनी हे विचारलं तेव्हा त्यांच्या आवाजात जागा होती. नाही, नीट बघितलं नव्हतं, खिडकी बंद असते हल्ली, असं म्हणालो असतो तर त्यांनी मानलं असतं. मी तोंड उघडलंसुद्धा. आतून मंदाचा आवाज आला.

"बघितलं होतं, सिस्टर. रोज माका आकडो सांगत होते. कालसुद्धा सांगितल्यानी. एकतीस."

भिंतीला धरून ती दारापर्यंत आली होती. मी म्हणालो, "डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, पक्ष्यांपासून..."

"कबुतरां म्हणालेले डॉक्टर," मंदा म्हणाली. "मी थंयच होतंय."

मग तिने हात पुढे केला. "सिस्टर, तो कागद माझ्याकडे द्या."

सिस्टरनी दिला, आणि दोन्ही क्रेट रिक्षात घालून त्या पक्ष्यांवर उपचार करणाऱ्यांकडे गेल्या.

दोन-तीन पिल्लं कुणाच्या हाती लागली नव्हती. कुंपणाच्या कडेला, कर्दळीत जाऊन बसली होती. संध्याकाळी त्यांच्या आया परत आल्या. समोरच्या केबलच्या तारेवर ओळीनं बसल्या, गळ्यात मासे घेऊन. खाली पिल्लू ओरडत होतं, वर आई ऐकत होती, आणि उतरत नव्हती. मला याचं कारण माहीत होतं. ढोकरी पिल्लाला भरवते ती घरट्यात, फांदीवर. जमिनीवर पडलेलं पिल्लू तिच्या हिशेबात उरत नाही. मी हे वाचलं होतं, वहीत लिहिलंही होतं. आता ते दोन दिवस खिडकीतून पाहिलं. तिसऱ्या दिवशी कर्दळीतून आवाज आला नाही. तारेवरच्या मात्र आणखी आठवडाभर येत राहिल्या.

खिडकीतून पाहिलं म्हणतो, कारण त्या रात्री जेवण झाल्यावर मंदाने ती उघडायला लावली.

"उघडा आता," ती म्हणाली. "आता काय आसा थंय?"

कुणीतरी तक्रार केली. चौकशीला माणसं आली, पार्किंगमध्ये उभं राहून प्रश्न विचारायला लागली. ठेकेदाराच्या माणसांनी सांगितलं की लेखी कागद होता. कुठे आहे? बाईंनी घेतला. सिस्टर वर आल्या, मंदाकडे कागद मागायला. मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो.

"तो जळलो," मंदा म्हणाली.

"वहिनी, तुम्ही जाळलात?"

"चुलीवर पडलो. जळलो."

आमच्या घरात चूल नाही. सिस्टर खाली जाऊन म्हणाल्या की कागद मिळत नाही. माझं नाव ना त्यांनी घेतलं, ना तळेकरने. बोलणी बसली ती झाडावरच्या दोघांना. त्यांचं काम सुटलं असं नंतर ऐकलं. मी त्या दिवशी खाली गेलो, गर्दीत उभा राहिलो. त्यांच्यातला एक माझ्याकडे पाहत होता. त्याने मला कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे तो नुसता पाहत होता. मी मान वळवली.

मंदाने मला वाचवलं की शिक्षा केली, याचा विचार मी अजून करतो. सिस्टर तिची या इमारतीतली एकुलती एक मैत्रीण. माझ्यासाठी ती तिच्याशी खोटं बोलली. आणि ते मला कधी बोलून दाखवलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती चहा मागायची, औषधाची वेळ विचारायची, उशी सरळ करायला सांगायची. "आज किती?" हे मात्र तिने पुन्हा कधी विचारलं नाही. मीही पुढे वही उघडली नाही.

थंडीत तिला इस्पितळात ठेवलं तेव्हा मी डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं, "आमच्या खिडकीशी बगळे होते, ढोकऱ्या, त्यानं झालं असेल का?" त्यांना आधी समजलंच नाही. मग म्हणाले, "बगळे? नाही हो. ते कशाला घरात येतात? मी कबुतरांचं विचारलं होतं." मी मान हलवली, जणू आज पहिल्यांदा कळलं.

फाल्गुनात ती गेली. शेवटचे दोन महिने सिस्टर रोज यायच्या, इंजेक्शन द्यायच्या, तिचे केस विंचरायच्या. माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. गरम पाणी आणा. लाईट लावा. मंदा गेल्यावर तेही थांबलं. जिन्यात भेटलो तर त्या बाजूला होतात, मी खाली मान घालून जातो.

झाड मेलं नाही. तोडलेल्या जागी फुटवे आले, यंदा तर पानांनी पार भरलंय. आमची खिडकी उघडी असते. फरशी स्वच्छ असते, गाड्या चकचकीत. तळेकर परवा गेटवर म्हणाला, "काका, तीन वर्षं झाली, एकही आला नाही बघा." त्याला दुःख होतं की समाधान, मला ओळखता आलं नाही. ढोकऱ्या गेल्या कुठे, मला माहीत नाही. माझ्यासारख्या माणसाला ते माहीत नसलेलंच बरं.

नाल्यावर तो कोकमी रंग पाहिला त्या दिवशी मी घरी आलो, तर जिन्यात सिस्टर पुढे होत्या. हातात भाजीची पिशवी. त्यांचे गुडघे आता दुखतात, एकेक पायरी घेत चढत होत्या. मी पिशवी मागायला हवी होती. तोंडातून दुसरंच निघालं.

"सिस्टर, त्या क्रेटमधली... काही जगली का?"

त्या थांबल्या. वळल्या नाहीत.

"तीन वर्षांनी विचारताय."

"हो."

त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. सांगतील असं मला वाटलं. एक म्हणाल्या असत्या तरी मला पुरलं असतं.

"मला माहीत आहे किती जगली ती," त्या म्हणाल्या. "वहिनींना मी सांगितलं होतं. तुम्हाला नाही सांगणार, पेडणेकर."

आणि त्या चढायला लागल्या. एक पायरी, थांबायचं, पुन्हा एक पायरी. आमचा जिना अरुंद आहे, पुढे जायला जागा नव्हती. दुसऱ्या मजल्यापर्यंत मी त्यांच्या मागून तसाच चढत राहिलो.